आणि शनिवारी?

लोकांचे रेझ्युमे कापणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. सिडनीत, पॅरामॅटातल्या एका रिक्रूटमेंट कंपनीत मी हेच करते. माणूस चार पानं घेऊन येतो, मी त्याचं एक पान करून देते. भाजीच्या दुकानातली नोकरी काढायची, घरी बसलेले सहा महिने झाकायचे, 'मदत केली'च्या जागी 'जबाबदारी सांभाळली' घालायचं. मी या कामात चांगली आहे, हे सरळच सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई सातवी, बाबा चौथी. मी जालन्यातून एम.ए. केलं, मग इथल्या युनिव्हर्सिटीतून मास्टर्स. दोन्ही डिग्र्या फ्रेम करून हॉलमध्ये लावल्यात. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा लॅपटॉप अशा कोनात ठेवला की मीटिंगमध्ये त्या माझ्या डोक्यामागे दिसाव्यात. नवरा म्हणाला, "अगं, थोडा डावीकडे घे, म्हणजे मार्कही वाचता येतील लोकांना."

वाचू देत. फुकट नाही मिळाल्या.

आम्ही तेव्हा जवळच, हॅरिस पार्क नावाच्या उपनगरात भाड्याने राहत होतो. लाल विटांची तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, जिन्यात सगळ्यांच्या फोडण्यांचा वास. आमच्या बरोबर खाली एक एकोणऐंशी वर्षांचे गोरे गृहस्थ एकटे राहायचे. त्यांना आम्ही आपसात 'खालचे काका' म्हणायचो. काका आयुष्यभर सॅक्सोफोन वाजवत आले होते. रोज अकरा वाजता वाजवायला बसायचे, बरोबर चाळीस मिनिटं. माझ्या मीटिंगा मी त्याप्रमाणे लावून घेतल्या होत्या. तक्रार म्हणून नाही, मला तो आवाज ओळखीचा होता म्हणून. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एकदा सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि खाली वाजायला लागलं. बाबा बोलता बोलता थांबले.

"कोण वाजवतंय गं?"

"खालचे शेजारी."

"टेनर सॅक्सोफोन हाय. वय झालेलं दिसतंय, पण दम राखून वाजवतोय." मग थोडं ऐकून म्हणाले, "चांगला हाय."

"मोठे आर्टिस्ट आहेत ते, बाबा," मी म्हणाले.

बाबा नुसतं "हां" म्हणाले. माझे बाबा जालन्यातल्या एका बँड पार्टीत पस्तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवत होते. लग्नाच्या वरातीत. त्यांना मी कधी आर्टिस्ट म्हटलेलं नव्हतं. शाळेपासून ते व्हिसाच्या कागदांपर्यंत, जिथे जिथे 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना आला, तिथे मी 'खाजगी नोकरी' लिहिलं होतं.

दुसऱ्या मोठ्या लॉकडाऊनमध्ये काकांच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मिळालेली होती, पण तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली गेली, त्यात त्यांचंही गेलं. त्यांना माणसं दिसायची, अक्षरं दिसायची नाहीत. एका दुपारी मी त्यांच्या दारात दूध आणि ब्रेड ठेवायला गेले, तर ते एक पत्र हातात घेऊन उभे.

"प्रोफेसर," ते म्हणाले. दारातून माझ्या डिग्र्या दिसल्यापासून ते मला प्रोफेसरच म्हणायचे. "तू लोकांची आयुष्यं टाइप करतेस ना? माझं करतेस का?"

पत्र लायब्ररीचं होतं. या भागातल्या जुन्या वादकांची माहिती, प्रत्येकी एक पान आणि एक फोटो, लायब्ररी उघडली की भिंतीवर लागणार होती.

"नो वरीज," मी म्हणाले.

तीन दुपारी आम्ही बसलो. ते दारात किचनच्या खुर्चीवर, मी जिन्याच्या पाचव्या पायरीवर, मांडीवर लॅपटॉप, दोघांच्या तोंडाला मास्क. ते सांगायचे आणि मी शब्दन् शब्द उतरवून घ्यायचे. सोळाव्या वर्षी खाटकाच्या दुकानात उमेदवारी. सॅक्सोफोन चर्चच्या बँडकडून आठवड्यासाठी मागून आणलेला, तो अजून परत करायचा आहे. मग अकरा जणांचा स्विंग बँड, डान्स हॉलमध्ये, जिथे शंभर जोडपी एका ठेक्यावर वळायची. डान्स हॉल बंद पडले, अकराचे पाच झाले आणि पाच जण पबमध्ये रिदम अँड ब्लूज वाजवायला लागले. "तिथे, मेट, स्टेजखालच्या मारामारीपेक्षा मोठ्याने वाजवावं लागायचं. मी सूर तिथे कमावला नाही, फुप्फुसं कमावली." व्हॅनमधून किनाऱ्याकिनाऱ्याने दौरे. बाहेरून आलेल्या गायकांच्या मागे उभं राहणं. एका रेकॉर्डवर त्यांचा एकट्याचा तुकडा, वीस सेकंदांचा. मग क्लब. मग क्लबांनी स्टेज काढून तिथे जुगाराची मशीनं बसवली.

तिसऱ्या दुपारी इथपर्यंत आलो. मला वाटलं संपलं. काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "हां. आता खरं सुरू होतं."

खरं म्हणजे लग्नं. एकतीस वर्षं, दर शनिवारी, वेस्टर्न सिडनीतल्या हॉलांमध्ये त्यांनी लग्नात वाजवलं. ते सॅक्सोफोनवर आणि पियानोवर एक बाई. लेबनीज लग्नं, माल्टीज, ग्रीक, व्हिएतनामी. "तुमच्या लोकांचंही एक. नवरा घोड्यावर आला. घोडा माझ्या सॅक्सोफोनला नाही घाबरला, आमच्या पियानोवालीच्या टोपीला घाबरला." त्या बाई दिवसा शाळेच्या ऑफिसात काम करायच्या. नवरा होता, तोच गाडी चालवायचा आणि पियानो उचलायचा. "लोक विचारायचे तुमचं काय आहे म्हणून. काही नव्हतं. आम्ही बँड होतो."

आणि त्या बाईंचा एक नियम होता. लग्न संपलं, पाहुणे गेले, की घरी जायचं नाही. किचनचं दार उघडायचं आणि भांडी घासणाऱ्या, वाढणाऱ्या लोकांसाठी एक गाणं वाजवायचं, त्यांच्या पसंतीचं. एकतीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही. "तिथे मी माझं सगळ्यात चांगलं वाजवलं. रेकॉर्डवर नाही. साबणाच्या वाफेत."

बाई आता दोन उपनगरं पलीकडे, म्हाताऱ्या माणसांच्या एका एज्ड केअर होममध्ये होत्या. भेटी बंद. फोनवर त्यांना नीट ऐकू यायचं नाही, पण कुणी शेजारी बसून वाचलं की सगळं समजायचं.

"तिथली पोरगी तिला वाचून दाखवेल," काका म्हणाले. "लायब्ररी ठीक आहे गं. मी हे तिच्यासाठी सांगतोय. तिला कळायला हवं की मी ते हिशेबात धरलंय."

त्या दुपारी माझी बोटं मंद झाली होती.

बाबांचा तो कोट माझ्या डोळ्यांसमोर होता. लाल, खांद्यांवर पिवळी झालर, बगलेत घामाचे पांढरे नकाशे. वरात मांडवात शिरली की बँड बाहेर. जेवण शेवटच्या पंगतीनंतर, मागच्या बाजूला, उरलं तर. दहावीत माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न होतं. मी नटून गेले, आणि गेटपाशी बाबा, गाल फुगवून वाजवताना. त्यांनी मला पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. ते वाजवत राहिले.

माझं स्वतःचं लग्न पुण्यात झालं. सासरकडचे सगळे शिकलेले. बाबा आदल्या आठवड्यात फोनवर म्हणाले होते, "एखादं वाजवू का मी? आपल्याआपल्यात?" मी म्हणाले, "नको बाबा, डीजे सांगितलाय."

चौथ्या दिवशी मी काकांचं पान करायला बसले. साडेचार पानांचा मजकूर, त्याचं एक करायचं. मी हेच करते, रोज करते. स्विंग बँड ठेवला, दौरे ठेवले, रेकॉर्ड सगळ्यात वर घेतली. लग्नांच्या जागी एक ओळ घातली, 'पुढील काळात स्वतंत्र वादक म्हणून कार्यरत'. एकतीस वर्षं, एक ओळ. बाई नाहीत, किचन नाही. वाचून पाहिलं तर फार सुरेख दिसत होतं. एखाद्या मोठ्या कलाकाराची कारकीर्द वाटत होती. मला खरोखर वाटलं, मी त्यांचं भलं केलं.

खाली गेले. "वाच," काका म्हणाले.

आणि मी पायरीवर बसून त्यांना साडेचार पानांचा जुना मजकूर वाचून दाखवला. सगळा. घोडा, टोपी, साबणाची वाफ. त्यांना दिसत नव्हतं मी कुठली फाइल उघडली आहे ते. ऐकून त्यांनी मास्क खाली करून नाक पुसलं. "बरोब्बर. आता हेच दोन्हीकडे पाठव."

मी एका पानाचा मजकूर दोन्हीकडे पाठवला. लायब्ररीला, आणि होमलाही. होमला तरी साडेचार पानं पाठवता आली असती. तिथे पानाची अट नव्हती. मी दोन्ही ईमेलला एकच फाइल जोडली, इतकंच.

पुढच्या आठवड्यात काका जिन्यात भेटले ते हसतच.

"वाचलं त्यांनी तिला. सगळं ऐकून घेतलं म्हणे. आणि शेवटी ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'छान. आणि शनिवारी? शनिवारी काय करायचा हा?'"

ते बोलतच राहिले.

"त्या आळशी पोरीने पानं गाळली असणार. मी फोन करून चांगलं सुनावलं तिला. ती म्हणते, मी आलं तेवढं वाचलं. तू परत पाठव प्रोफेसर. सगळं. आणि लिही, सगळं वाचा म्हणून."

"हो," मी म्हणाले. "पाठवते."

वर येऊन मी लॅपटॉप उघडला. फाइल तिथेच होती. जोडायची आणि पाठवायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पण पाठवली असती तर ती मुलगी काकांना म्हणाली असती, आधी एवढं नव्हतंच, आणि माझं उघडं पडलं असतं. मग मी ठरवलं, तो मजकूर जरा नीट करू, एक पान आणि साडेचार यांच्या मधला ठेवू, म्हणजे दोन्ही पानं एकमेकांशी जुळतील. शनिवार-रविवारी करू. महिनाअखेर होती, ऑफिसचं काम होतं. नवऱ्याला सांगितलं.

तो चहा गाळत होता. गाळणी तशीच धरून म्हणाला, "म्हणजे तू काकांचंही 'खाजगी नोकरी' केलंस?"

"एका पानाची अट होती."

"होमला पण?"

मी कपात साखर घालायला लागले. तो म्हणाला, "आत्ता पाठव. माझ्यासमोर." मी म्हणाले, वीकेंडला. तो चिडून चहा घेऊन बाल्कनीत गेला.

शुक्रवारी बाई गेल्या. झोपेत, शांतपणे. वय झालं होतं.

अंत्यविधीला फक्त दहा माणसांना परवानगी होती, त्यात काका बसत नव्हते. घरच्यांनी लिंक पाठवली. काकांना लिंक दिसत नव्हती आणि पडदाही दिसत नव्हता, म्हणून मी त्यांच्या घरात गेले. लॅपटॉप टेबलावर ठेवला. ते इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून बसले होते. सॅक्सोफोन कोपऱ्यात, केसमध्ये.

"काय दिसतंय सांग," ते म्हणाले.

मी सांगत गेले. पेटी फिकट लाकडाची आहे. वर पिवळी फुलं आहेत. माणसं लांब लांब बसलीत, सगळ्यांना मास्क. पुढे एक फोटो आहे, बागेतला, टोपी घातलेला.

"कुठली टोपी?"

"मोठी. निळी."

"तीच," ते म्हणाले.

बाईंचा मुलगा उठला आणि कागदावरून वाचायला लागला. चांगला बोलला. शाळेतली नोकरी, गुलाबांची बाग, नातवंडं, स्वयंपाक. शेवटी म्हणाला, आईला संगीताची आवड होती. मग खाली बसला.

काका कान पुढे करून बसले होते. पडद्यावर शांतता झाली, कुणीतरी खोकलं. "संपलं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"आणि शनिवारी?"

मला वाटतं, त्या क्षणी ते मला विचारत नव्हते. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिच्या मुलाने ते लिहिलं नव्हतं. सगळ्या जगात ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, माझ्या लॅपटॉपवर. त्याच लॅपटॉपवर तिची पेटी दिसत होती.

"काका," मी मराठीतच म्हणून गेले, मग सावरून इंग्रजीत सांगितलं. "होमवाल्या मुलीने काही गाळलं नव्हतं. मी गाळलं. तुम्हाला वाचून दाखवलं ते वेगळं होतं, पाठवलं ते वेगळं. परत पाठवायला सांगितलंत तेही मी पाठवलं नाही."

ते पडद्याकडेच तोंड करून होते.

"पानात बसत नव्हतं म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. ते उत्तर त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "लग्नात वाजवणं लिहायची मला लाज वाटली. माझे वडील लग्नात वाजवायचे. सॅक्सोफोन."

आता त्यांनी मान वळवली. इतके महिने रोज दूध-ब्रेड देताना मी हे त्यांना सांगितलं नव्हतं.

"त्या पोरीला मी फोनवर काय काय बोललो," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू आता वर जा."

त्यानंतर अकरा वाजता खालून आवाज आला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मी दूध ठेवायचे, ते आत जायचं, पण दार माझ्यासमोर उघडायचं नाही. नवरा एकदा म्हणाला, "आता मीटिंग कधीही लाव तू." टोमणा होता की काय, मी विचारलं नाही. होममधल्या त्या मुलीला मी ईमेल लिहून चूक माझी होती असं कळवलं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं, काही हरकत नाही, आणि काकांनीही फोन करून माफी मागितली. त्यांनी मागितली. माझ्या चुकीची.

बाबांनीच विचारलं, "हल्ली वाजत नाही तुझ्या खालच्याचं. बरा हाय ना?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना लग्नाचा भाग आला, तिथे अडखळले. शेवटी मी विचारलं, "बाबा, माझ्या लग्नात वाजवायचं होतं ना तुम्हाला?"

"जुनं काय काढतीस."

"सांगा ना."

"रीड खिशात होती," ते म्हणाले. रीड म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची बोटभर वेताची पट्टी. वाजवण्याआधी ती ओली करून ठेवावी लागते. "सवय असती. लग्नाला निघालो की हात आपोआप रीडकडं जातो. हॉलात बसलो तवा हाताला लागली. ओली होती." मग लगेच, "जेवलीस का?"

मी जेवले होते. नाही म्हणाले, म्हणजे फोन लवकर ठेवता येईल.

निर्बंध उठले, लायब्ररी उघडली. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका सकाळी आमची बेल वाजली. ते दारात, डोळ्यावर जाड काळा चष्मा. "माझं पान बघायला जायचंय," म्हणाले. "तू चल."

चालत गेलो. ते पुढे, मी दोन पावलं मागे. वाटेत मिठाईच्या दुकानाबाहेर दिवाळीची रांग होती, काका तिच्यामधून वाट काढत सरळ गेले.

भिंतीवर चौदा-पंधरा पानं लावलेली होती. काकांचं मधोमध. फोटोत ते तरुण, केस तेल लावून मागे बसवलेले. त्यांनी काळा चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि नव्या डोळ्याने वाचायला लागले. ओठ हलत होते. मी कडेला उभी. मी लिहिलेलं माझ्यासमोर इतकं सावकाश कधी कुणी वाचलं नव्हतं.

वाचून झालं. "चांगलं लिहितेस," ते म्हणाले. "हा माणूस मला भेटला असता तर आवडला नसता."

मी म्हणाले की मी लायब्ररीशी बोलते, नवीन पान छापून घेते, खर्च—

"पेन आहे?"

पेन होतं. मी दिलं. त्यांनी ते हातात फिरवलं आणि मला परत दिलं.

"तू लिही. मला अजून सरळ रेघ दिसत नाही."

"इथे? यावर?"

"यावर."

मी भिंतीला हात टेकवून शेवटच्या ओळीखाली लिहायला लागले. ते सांगत होते, जिन्यात सांगायचे तसंच, न थांबता. शनिवारी लग्नं. एकतीस वर्षं. पियानोवर कोण, तिचं पूर्ण नाव. तिची टोपी. पाहुणे गेल्यावर किचनसाठी एक. मी बारीक अक्षरात लिहीत गेले, खालचा समास संपला तेव्हा पान डोक्यात फिरवून उजव्या बाजूने वर चढत गेले. लायब्ररीतली बाई धावत आली. "एक्स्क्यूज मी, तुम्ही त्याच्यावर असं लिहू शकत नाही."

"ती प्रोफेसर आहे," काका म्हणाले. "तिला लिहू दे. तिचं काम राहिलंय."

बाई माझ्याकडे बघत राहिली. भिंतीवर अक्षर वाकडं येत होतं. दहावीला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेलं माझं अक्षर. शेवटचा शब्द लिहून मी मागे सरकले.

काकांनी परत तो एक डोळा मिटला आणि समासावरून बोट फिरवत गेले, खालून उजवीकडे, उजवीकडून वर. अर्धा समास अजून कोरा होता.

"बघ," ते म्हणाले, "जागा होती."